मध्यंतरात न उठणाऱ्या बाया

कारंजाच्या बाजारात कापूस यायला लागला की माझ्या दुकानातला पाण्याचा माठ संध्याकाळपर्यंत भरलेलाच राहतो. थंडी हे त्याचं कारण नव्हे. आमच्याकडची मार्गशीर्षातली दुपारसुद्धा घशाला कोरड पाडते. कारण असं, की या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बाया पाणी पीत नाहीत. मानोऱ्याच्या बाजूच्या खेड्यांतून, तांड्यांवरून त्या येतात, वेचणीतून एखादा दिवस काढून, लग्नसराईचे ब्लाऊज शिवायला टाकतात. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असतात, बोटांना वाळक्या बोंडांचे ओरखडे असतात. माप घेता घेता मी ग्लास पुढं करते आणि ठरलेलं उत्तर येतं, "नको व बाई, अजून गाडीनं जायाचं हाये."

मी आग्रह करत नाही. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं लेडीज टेलरचं दुकान आहे, त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि घरून निघून घरी पोचेपर्यंत बाई कुठं कुठं अडते ते मला ठाऊक आहे. एक ग्लास पाणी आणि गावापर्यंतचा रस्ता यांचा काय संबंध, हे पुरुषाला समजावून सांगावं लागतं. बाईला नाही. ती ग्लासाकडे बघते, बाहेरच्या उन्हाकडे बघते आणि पदरानं ओठ पुसून घेते. ग्लास परत माठावर जातो.

यंदा एका बाईचं माप घेत होते. खांद्यावरून टेप ओढताना तिच्या तोंडाला फुटाण्यांचा वास आला. खरपूस, थोडा धुरकट. टेपवरचा आकडा मी वाचला आणि लिहायचाच विसरले. माझ्यासाठी फुटाण्यांचा वास म्हणजे सिनेमा. ज्यांनी लहानपणी थिएटरात बसून मजेनं फुटाणे खाल्ले त्यांचं वेगळं. आम्ही ते औषधासारखे खाल्ले होते.

मी तेव्हा सातवीत होते. आमचं गाव कारंजाहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, काळ्या मातीचं, कापूस आणि मधे मधे तुरीच्या ओळी. बांधावर सीतादहीचा, वेचणीआधीच्या पूजेचा दहीभात ठेवला की वेचणी सुरू व्हायची. मग पौष लागेपर्यंत आई घरात फक्त झोपण्यापुरती असायची. कमरेला ओटी बांधलेली, ती कापसानं फुगत जायची आणि संध्याकाळच्या उजेडात शेतातल्या साऱ्या बाया पोटुशा दिसायच्या. त्या वर्षी पीक बरं होतं. दुसरा वेचा आटोपला, तुरी सोंगायला अजून अवकाश होता, आणि या मधल्या फटीत बायांचा वर्षातला एक चैनीचा दिवस बसायचा. कारंजाला जाऊन सिनेमा बघायचा.

पुरुषांना त्यासाठी हंगाम लागत नसे. ते बाजाराला गेले की बघून येत, कधी पहिला अर्धा आवडला नाही तर उठूनही येत. बायांचं जाणं म्हणजे मोहीम होती आणि तिची सेनापती आमच्या शेजारची नर्मदाकाकू. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी, गल्लीतल्या प्रत्येक सुनेच्या सासूला गप्प करून सुनेला सोबत नेणारी. सिनेमा कोणता आहे, हे ती कधी विचारत नसे. तिच्या चौकशा वेगळ्या असत. कोणाची पाळी आहे, कोणाचं पोट नाजूक आहे, कोणी अंगावर पाजते आहे. सिनेमा तीन तासांचा, वर जाण्यायेण्याचा वेळ. जिला निभत नाही तिनं घरी राहायचं.

त्या दिवशी सकाळपासून गल्लीत चहा होत नसे. पाणी तर नाहीच. भाकरी कोरड्या चटणीशी. ओठ फार सुकले तर पदराचं टोक ओलं करून फिरवायचं, गिळायचं नाही. आणि निघताना नर्मदाकाकू प्रत्येकीच्या ओंजळीत फुटाणे टाकायची.

"खा. फुटाने पोटातलं पानी सोशून घेतात."

कोणी शंका घेत नसे. फुटाण्यांनी घसा आणखी सुकायचा, मग त्यावर लवंग चघळायची, पण त्यानं पोटातलं पाणी आटतं ही समजूत आमच्या गल्लीत सूर्य उगवण्याइतकी पक्की होती. माझ्या ओंजळीत त्या वर्षी पहिल्यांदा फुटाणे पडले. तोवर मी लहान पोरांत मोडत होते. लहान पोरांना भिंतीशी बसवता येतं, त्यांच्यासाठी नियम नव्हता.

जीप गावाबाहेरून निघायची आणि शहर यायच्या आधी एका नाल्याजवळ थांबायची. तिथं बाभळी दाट होत्या. ड्रायव्हर न सांगता पाठ करून उभा राहायचा आणि बिडी पेटवायचा. साऱ्या बाया बाभळींमागं जाऊन यायच्या, गरज असो नसो. "निचरून घ्या," नर्मदाकाकू ओरडायची. त्या नाल्यापाशी आमचा आडोसा संपायचा. मला आता वाटतं, आमच्या बायांचा जिल्ह्याचा नकाशा वेगळाच असणार. त्यात गावं नसतील. बाभळी असतील, तुरीच्या ओळी असतील, पडकी भिंत असेल, उंच वाढलेली ज्वारी असेल आणि मधे मधे मोठमोठी उघडी मैदानं, ज्यांना लोक शहर म्हणतात.

थिएटरात बायांसाठी जागा नव्हती असं नाही. पुरुषांची होती तिचा वास तर दाराखालून आत यायचा. बायांची म्हणून मागं एक खोली होती आणि तिला कुलूप असायचं. किल्ली गेटावरच्या माणसाकडे. तो माणूस काही वाईट नव्हता, मागितली असती तर त्यानं दिली असती. पण ती मागायची कशी? गेटासमोर पानठेला, पानठेल्यावर पुरुष. त्यांच्यादेखत हात पुढं करून किल्ली मागायची म्हणजे आपल्याला कशाची घाई झाली आहे ते सगळ्या बाजाराला सांगायचं. त्यापेक्षा पोट फुटलेलं बरं. आमच्यातल्या कोणी ती किल्ली मागितल्याचं मला आठवत नाही. त्या खोलीचं दार आतून कसं होतं ते मी कधीच पाहिलं नाही.

मध्यंतर झालं की दिवे लागायचे. पुरुषांच्या बाजूच्या खुर्च्या खडाखडा मागं पडायच्या, चहाचा, सिगारेटचा वास यायचा. लेडीजमध्ये कोणी हलायचं नाही. आमच्या गावच्या नाहीत आणि दुसऱ्या गावच्याही नाहीत. दिव्यांच्या उजेडात साऱ्या बाया समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून, जणू तिथं अजून काहीतरी चालू आहे. एक नियम असाही होता की एकटीनं उठायचं नाही. एकटी बाई उठली की सारे बघतात. म्हणून एक उठली की सगळ्यांनी उठायचं, आणि सगळ्या उठल्या की सिनेमा सगळ्यांचा गेला. एकीच्या पोटासाठी दहाजणींचा वर्षाचा दिवस बुडणार. मग कोण उठेल?

मला त्या काळातल्या सिनेमांचे पूर्वार्ध आठवतात. उत्तरार्ध आठवत नाहीत. त्या दिवशी मध्यंतरानंतर थोड्याच वेळात माझ्या ओटीपोटात कळ उठली. मी पायावर पाय टाकला, मग दुसऱ्या बाजूनं टाकला. पडद्यावर माणसं पळत होती, कोणीतरी पावसात उभं राहून रडत होतं, आणि पडद्यावरचा तो पाऊस बघवेना. मी आईच्या कानात सांगितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला आणि आवळून धरला. "दम धर," म्हणाली. "पाह्य, आता थो कसा येते घोड्यावर." घोडा आला, गेला. ती कानात सांगत राहिली. विनोदी माणूस पडद्यावर आला तशी पलीकडून नर्मदाकाकूची कुजबुज फिरली, "हसू नका व जास्त." हसलं की सुटतं. बाया ओठ दाबून, खांदे गदगदवत, आवाज न करता हसल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आईचा हात माझ्या हातावर अधिकाधिक घट्ट होत होता. तिच्या हाताचा तो घट्टपणा नुसता मला धीर देण्याचा नव्हता, ती स्वतःलाही धरून होती. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

परतताना नाल्याजवळ जीप नीट थांबायच्या आत साऱ्या उतरल्या. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात बाभळींमागं एकच हशा पिकला, तीन तास दाबलेला. मी बाहेर आले तेव्हा नर्मदाकाकूनं माझ्या पाठीवर थाप मारली. "निभली व पोट्टी. आता हे बाईत जमा." आईनं माझी वेणी पुढं घेऊन नीट केली. मला इतका अभिमान पुढं दहावी पास झाल्यावरही वाटला नाही.

खरं सांगायचं तर तो अभिमान मी बरीच वर्षं मिरवला. मशीनवर बसले की सकाळची दुपार करते, दुपारची संध्याकाळ. दुकानाला मोरी नाही. समोरच्या घरची बाई कधीही ये म्हणते, पण जाणं होत नाही. "तुमचं बुड कसं हलत नाही हो," असं गिऱ्हाईक कौतुकानं म्हणतं. शेतात आई ओटी सोडून तुरीच्या ओळीत केव्हाही जाऊ शकत होती, आणि मी शिकून शहरात येऊन पक्क्या दुकानात बसले तर मला ते जमेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. मार देणारा मात्र कोणी दिसत नाही, म्हणून तक्रारही कोणाची करायची कळत नाही.

नर्मदाकाकू आता नाही. शेवटची काही वर्षं मुतखड्यानं तिला फार छळलं. अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टरनं विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? ती म्हणाली, "भाकरीसंगं येक गिलास. गावाले जायचं असलं त थो बी नाही." खोलीतले सगळे हसले, असं तिची सून सांगत होती. मला ते ऐकून हसू आलं नाही. एवढी दांडगी बाई पलंगावर आडवी होऊन भिंतीला लाथा मारायची. तिच्या त्या दुखण्याचा आणि फुटाण्यांचा काही संबंध आहे का, हे मला डॉक्टरसारखं सांगता येणार नाही. पण तेराव्याच्या जेवणाला गेले तेव्हा पंगतीतल्या पाहुण्या बाया पाण्याचे पेले उलटे ठेवून बसल्या होत्या, कारण त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं.

आईला सिनेमाचं वेड नर्मदाकाकूपेक्षाही जास्त. ती गोष्ट सांगायला लागली की नायिकेच्या साडीचा काठसुद्धा सांगणार. आणि हसणं तर विचारू नका. तोंड उघडून, मांडीवर हात मारून, खोकला येईपर्यंत. वडील गेल्यावरही ती मोडली नाही, भावासोबत शेत बघायची, बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या नकला करायची. मग गेल्या चार-पाच वर्षांत काहीतरी बदललं. कीर्तनाला जाणं बंद झालं. लग्नाला गेली तर अक्षता पडल्या की घरी. मी सिनेमाला चल म्हटलं की, "माहे डोये दुखतात वो पडद्यानं." हसणंही कमी झालं. नकला गेल्या. मी मनात म्हटलं, वय झालं, माणूस आटतं.

दुकानात मात्र ती यायची आणि दर वेळी एकच मागायची. चिंध्या. ब्लाऊजच्या अस्तराचे तुकडे. "टेरिकॉट नको, सुतीच दे." मी पिशवी भरून ठेवायची. गोधडी शिवत असेल, मला वाटायचं. आमच्याकडे म्हाताऱ्या बायांचा तोच उद्योग. एवढ्या चिंध्यांतून किती गोधड्या होतील, हा हिशेब माझ्यासारखीनं तरी करायला हवा होता, पण आईच्या बाबतीत डोळे उघडे ठेवायची सवय कोणाला असते?

यंदा दिवाळीला गावी गेले. वेचणी नुकती सुरू झालेली. दुपारी वहिनी सोडून सगळे शेतात होते. मी वहिनीला म्हटलं, आईची गोधडी दाखव. वहिनी म्हणाली, "कोनती गोधडी?" आणि मी गोठ्यामागं हात धुवायला गेले. तिथं दोरीवर आईचं लुगडं वाळत होतं. वाऱ्यानं त्याचा काठ उचलला. खाली, लुगड्याच्या आड, दोरीला ओळीनं माझ्या चिंध्या वाळत होत्या. राणी रंगाची, ती पाटलीणबाईंच्या मुलीच्या शालूवरच्या ब्लाऊजची. मेंदी हिरवी. पोपटी. एकेका तुकड्याला मी ओळखत होते, कोणाच्या ब्लाऊजचं अस्तर ते सांगू शकले असते. धुऊन धुऊन त्यांचे रंग विटले होते आणि प्रत्येकाची नीट चौपदरी घडी घातल्याच्या खुणा होत्या. मी तिथंच गव्हाणीच्या काठावर बसले.

संध्याकाळी आई शेतातून आली. मी सरळ विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही.

"कवापासून होते?"

ती पाय धूत होती. धूतच राहिली. "काय?"

"मी दोरी पाहिली आई."

"तुले गोठ्यामागं कोनं जा म्हनलं होतं?" तिनं दुसऱ्या पायावर पाणी घेतलं. मग हळूच, "सांगाची गोष्ट हाये का ते? होते थोडं. शिंकलं की होते, वझं उचललं की होते." तिनं पदरानं पाय पुसले. "हसलं की त होतेच. म्हून मी हसतच नाही आता."

सहन होत नाही आणि सांगता येत नाही, हे वाक्य मी हजारदा वापरलं असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी माझ्यासमोर पाय पुसत उभा होता. मला वाटलं होतं माणूस वयानं आटतं. माझी आई आटली नव्हती, ती हसू आवरून बसली होती. मी रडले. ती म्हणाली, "तू कायले रडतं? तुह्या अंगाले का लागलं?"

कारंजाला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं. खालचे स्नायू ढिले पडलेत म्हणाल्या. बाळंतपणं, वर्षानुवर्षांची ओझी, त्यात तासन्‌तास अडवून धरण्याची सवय. आईनं त्यावर स्वतःचा इलाज काढला होता, पाणी आणखी कमी केलं होतं. त्यानं जळजळ सुरू झाली होती. पाणी कमी केलं की त्रास वाढतो, हे बाईंनी तिला तीन-तीनदा सांगितलं, औषध दिलं, आणि एक व्यायाम शिकवला, आतून आवळायचं, थांबायचं, मग सोडायचं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "जलमभर आवयूनच धरलं. आता डाक्टरीन म्हनते आवयाचं शिक."

ती हसणार होती. मी पाहिलं, ओठांपर्यंत आलेलं तिनं परत गिळलं.

मी मऊ मलमल आणली आणि तिच्यासाठी जाड घड्या शिवल्या, कडेला गोट मारून, आत पदर घालून. हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिल्या. "येवढं साजरं कायले शिवलं? कोनाले दाखवाचं हाये?" पण नेल्या. औषधानं जळजळ थांबली, बाकीचं थोडं कमी झालं. घराबाहेर मात्र ती पडेना. वहिनीच्या माहेरच्या बारशाला नाही, देवीला नाही. "खुर्ची लोकाची असते," ती म्हणायची. "सतरंजी लोकाची असते." बाई माणसांतून उठायची ती अशी, एकेक जागा सोडत, आणि घरच्यांना वाटतं म्हातारीला घर आवडतं.

म्हणून मी सिनेमाचा हट्ट धरला. वाशिमला नवीन थिएटर झालं आहे आणि तिथं एक भलामोठा सिनेमा लागला होता, तीन तासांहून मोठा, जुन्यासारखा, घोड्यांचा आणि सुनांचा. भावाला वाशिमला काम होतं, तो गाडीनं सोडणार होता. आई महिनाभर नाही म्हणाली. शेवटी एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "मधात उठा लागलं तर?" मी म्हटलं, तर उठायचं. कडेची तिकिटं काढते. तिनं विचार केला. "नको. कडेनं पिक्चर तिरपा दिसते. पाहाचाच हाये त मधातून पाहू."

मंगरूळपीरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. आई खिडकीतून बघत होती, कोणाचा वेचायचा राहिला ते सांगत होती. मांडीवर पिशवी, पिशवीत जास्तीचा परकर आणि माझ्या शिवलेल्या घड्या. मी दर थोड्या वेळानं बाटली पुढं करत होते. तिनं दोन घोट घेतले, मोठ्या उपकारानं. थिएटरात गेल्या गेल्या मी तिला बायकांची जागा दाखवली. तिनं दाराची कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली.

मध्यंतर झालं आणि मला वाटलं होतं ती बसून राहील. पण आमच्या रांगेतल्या बाया उठल्या, पुढच्या उठल्या, आणि तीही उठली. बाहेर बायांची रांग लागली होती, थेट पोस्टरपर्यंत. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कॉलेजातल्या मुली, उघड्यावर, पुरुषांसमोर, मोबाईल बघत उभ्या. कोणाला काही वाटत नव्हतं. आई त्या रांगेकडे बघतच राहिली. "येवढ्या साऱ्या बाया," ती म्हणाली, "येवढ्या साऱ्याइले लागते?" मग रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी तिची पिशवी धरून बाजूला थांबले.

मध्यंतरानंतर सिनेमात एक प्रसंग आला. नायकाचा म्हातारा बाप व्याह्याच्या घरी चोरून लाडू खात असतो आणि नेमका व्याही दिवा घेऊन येतो. म्हातारा तोंडात लाडू तसाच ठेवून रामराम करायला बघतो. आई हसली. पहिल्यांदा नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, आणि मग हात सुटला. तिचं ते जुनं हसणं, मांडीवर थाप मारून, खोकला येईपर्यंतचं. इतक्या वर्षांनी ऐकलं. मीही हसले, तिच्याकडे बघून. आणि हसता हसता ती एकदम थांबली.

अंधारात तिनं माझं मनगट धरलं. "झालं वो," म्हणाली.

मी उठायला लागले. तिनं मला खाली दाबलं. "तू बस. काय होते ते पाहून ठेव." पिशवी छातीशी धरून, पाठीमागून पदर ओढून घेत, ती लोकांच्या गुडघ्यांमधून सरकत गेली. दार उघडलं, उजेडाची पट्टी आली, मिटली. मी तिच्या खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची कोरडी होती, घडीनं काम केलं होतं.

मग मी दाराकडे बघत बसले. पडद्यावर कोण मेलं, कोण कोणाला भेटलं, मला सांगता येणार नाही. ती बाहेर भिंतीशी उभी असेल, ती म्हणेल आता घरी चल, आणि आज ती या दारातून परत आत आली नाही तर यापुढं ती कुठल्याच दारातून आत जाणार नाही, एवढंच मला कळत होतं. मागं जावं तर तिनं बस म्हटलं होतं. मी देवाचं नाव घेणाऱ्यांतली नाही. त्या दिवशी घेतलं.

दार उघडलं. बुटकी सावली, काखेत पिशवी. लोकांचे गुडघे ओलांडत ती आली, बसली, पदर सारखा केला.

"काय झालं मधात?"

"माहीत नाही."

"मंग पाहून काय राह्यली होती?"

मी तिचा हात धरला. तो ओला होता आणि त्याला साबणाचा वास होता. पडद्यावर गावची पंचायत बसली होती, सगळं थिएटर चिडीचूप झालं होतं. आई पुढं वाकून बघत होती. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बी जाऊन ये."

"मला नाही लागली."

"सकायपासून पाहून राह्यली मी. घरून निघाली तशी तू गेली नाही. मले पाज पाज पाजलं अन् तू येक घोट नाही पेली. इंटरवलात पिशवी धरून उभी होती. मी का आंधयी हाव?"

तेव्हा कुठं मला माझं ओटीपोट जाणवलं. दगडासारखं झालं होतं. ते किती वेळापासून तसं होतं, मला खरोखर ठाऊक नव्हतं.

"संपू दे आई. आता खरी गंमत आहे."

"मी सांगीन तुले. जाय."

मी उठले. पन्नाशीला आले, पण चालू सिनेमातून मी कधी उठले नव्हते. मागून कोणीतरी च्च केलं. शेजारच्या माणसानं पाय आवरले, त्याच्या पलीकडच्यानं आवरले नाहीत. तो पडद्यात बुडाला होता आणि मला सरका म्हणायचं धाडस होईना. मी तशीच अर्धी वाकून उभी राहिले. वाटलं, जाऊ दे, बसावं परत, थोडंच राहिलं आहे.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. दबका नाही, शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी तसा, साऱ्या थिएटरला ऐकू जाईल असा.

"पाय घ्या ना जी. माह्या पोरीले जाऊ द्या."

रांगेतले सगळे पाय मागं सरले, आणि मी गेले.